वाटेवर टाकलेली डहाळी

माझ्या माहेरच्या आणि सासरच्या पाड्यांमध्ये एकच डोंगर आहे. सडकेने जायचं तर आधी पोशेऱ्यापर्यंत चालायचं, मग एसटीची वाट बघायची, आणि उतरल्यावर पुन्हा चालायचं. त्यात अर्धा दिवस जातो. डोंगरावरून गेलं तर अडीच तास. म्हणून लग्न झाल्यापासून मी डोंगरावरूनच जाते. ही वाट मला माझ्या हाताच्या रेघांपेक्षा जास्त माहीत आहे.

आधी नागलीच्या शेतांची उतरण लागते. ती चढून गेलं की गवताचा मोठा माळ. पावसानंतर गवत कमरेपर्यंत येतं, आणि वारा सुटला की सगळा माळ एका बाजूला झोपतो आणि पुन्हा उठतो. माळ संपला की दगड रचून चुना लावलेली हद्द आहे. तिथून राखीव रान सुरू होतं. रानात शिरल्यावर थोड्याच अंतरावर एक जुना ऐन आहे आणि त्याच्या बुंध्याशी वाट फुटते. खालची वाट डोंगराला वळसा घालून जाते, लांबची आहे. वरची वाट झऱ्यावरून जाते आणि खिंडीतून थेट माझ्या माहेरच्या बाजूला उतरते.

आमच्याकडे रानात चालायची एक रीत आहे. पुढे गेलेल्या माणसाने जी वाट सोडली, तिच्या तोंडावर ओली डहाळी आडवी टाकायची. मागून येणाऱ्याला कळतं, इकडे जायचं नाही. कधी पुढचे दुसऱ्या वाटेने गेलेले असतात, कधी दरड पडलेली असते, कधी जनावर असतं. कारण विचारायला तिथे कोणी नसतं, म्हणून विचारायचंच नाही. पाला हिरवा आहे तोवर डहाळीचा हुकूम चालतो. पाला सुकला की हुकूम संपला. गंमत म्हणून कोणी डहाळी टाकत नाही. मी लहान असताना एकदा टाकली होती, तेव्हा माझ्या बापाने, ज्याने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणाला, "अंधारात बायामाणसं येतात, पोरं येतात. ती डहाळीला बघून येतात, तुला बघून नाय."

वरच्या वाटेला झऱ्याच्या पलीकडे एक ओली सावलीची जागा होती. मृगाच्या आधी आठ-दहा दिवस तिथे शेवळं यायची. शेवळ म्हणजे जमिनीतून भाल्यासारखा वर येणारा जांभळट कोंब. काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, घालून शिजवला नाही तर घसा खाजून जीव जातो, आणि नीट शिजवला तर त्याच्यासारखी भाजी नाही. शेवळं रानात सगळीकडे येतात, पण एका जागी दाट येतात अशा जागा थोड्या. ज्या बाईला अशी जागा माहीत असते ती कोणाला सांगत नाही. नवऱ्याला नाही, जावेला नाही, सुनेला नाही. आई लेकीला दाखवते, तेही लेकीचं लग्न ठरायच्या आधीच्या वर्षी. मला माझ्या आईने दाखवली. कोंब बुडाशी दोन बोटांत धरून पिळून कसा काढायचा, कंद मातीतच कसा राहू द्यायचा आणि प्रत्येक झुबक्यातला एक कोंब उभा कसा सोडायचा, हे तिने तिथेच उकिडवं बसवून शिकवलं. परत येताना म्हणाली, "हुंडा आपल्यात देत नाय. हे घे."

मी ती जागा एका बाईला दाखवली. तीच माझी चूक.

ती माझ्या माहेरच्याच पाड्यातली. आम्ही एकाच पाटीवर लिहायला शिकलो. मी चौथीनंतर शाळा सोडली, ती सातवीपर्यंत गेली. तिची आई ती लहान असतानाच वारली, त्यामुळे तिला कोणी कुठली जागा दाखवली नव्हती. पुढे तिचं लग्न माझ्याच सासरच्या पाड्यात झालं. मला वाटलं माहेर माझ्या मागोमाग डोंगर चढून आलं. आम्ही एकमेकींना नावाने हाक मारत नव्हतो, "गडणी" म्हणायचो. मला माणसांसमोर बोलता येत नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, ती माझ्या वतीने बोलायची आणि मी तिच्या खांद्यामागे उभी राहायची. दवाखान्यातल्या बाई एकदा म्हणाल्या, "दुखतंय कोणाला, तुला का हिला?" तर ही म्हणाली, "दुखतं तिला, ओरडते मी."

लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तिने मला विचारलं, "तुझ्या आईनं दाखवली असंल ना जागा?" मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "राहू दे. मला कोण दाखवणार." ते तिने रागाने म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. ती हसून म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी तिला झऱ्यापलीकडे घेऊन गेले. तिथे उकिडवं बसवलं आणि आईने सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, "आता तू माझी आई." त्यानंतर दरवर्षी आम्ही दोघी मिळून जायचो. जी पुढे जाईल ती दुसरीसाठी डहाळी टाकायची. तिची डहाळी मी लांबून ओळखायची, कारण शेंड्याला ती गवताच्या पातीची गाठ मारायची. लहानपणापासूनची सवय. मी म्हणायची, "डहाळीला वेणी कशाला घालतेस?" ती म्हणायची, "तुला कळावं म्हणून. तू काय, कोणाच्याही डहाळीला भुलशील."

मग जव्हारला एक लॉजवाले सर आले. गावाबाहेर कड्याच्या बाजूला त्यांनी खोल्या बांधल्या. उन्हाळ्यात मुंबईची, नाशिकची माणसं थंड हवा खायला यायची. कोणाला डॉक्टरने चालायला सांगितलेलं असायचं, कोणाला नुसतं स्वस्थ बसायचं असायचं. जव्हारच्या बाजारात तेव्हा पिवळ्या पाट्यांची एसटीडीची दुकानं नवीन होती आणि पाहुणे तिथे घरी फोन करायला रांग लावायचे. सरांना वाटलं, पाहुण्यांना चालायला वाटा हव्यात. गवतातून, रानातून जाणाऱ्या, पण चुकणार नाहीत अशा. जीप घेऊन ते पाड्यापाड्यांत फिरू लागले. आमच्या पाड्यात आले तेव्हा गडणीने मला हाताला धरून पुढे ओढलं.

"हिला इचारा. हिच्याएवढी वाट कोणाला माहीत नाय."

सरांनी मला विचारलं, "माळावरून खिंडीपर्यंत जायला किती वेळ लागेल हो, बाई? साठीतली माणसं जातील का?"

मला उत्तर येत होतं. खालच्या वाटेने जातील, वरच्या वाटेला झऱ्यापाशी दगड निसरडा आहे, हे मला सांगायचं होतं. मी जमिनीकडे बघत राहिले. सर तिच्याकडे वळले. तिने सगळं सांगितलं, अगदी मी सांगितलं असतं तसं. आठ दिवसांनी ती लॉजची वाट दाखवणारी बाई झाली. तिला पांढरे कॅनव्हासचे बूट मिळाले. पाड्यातल्या बाया म्हणाल्या, "बाय, आता बुटावरनं पाणी भरणार काय?" ती म्हणाली, "भरीन. तुमच्या पायातले काटे मोजत भरीन." मलाही हसू आलं. मला तिचा हेवा वाटला नाही. माझ्यापेक्षा तिला ते काम शोभत होतं.

पहिलं वर्ष तिने पाहुण्यांना माळ दाखवला, हद्दीचे दगड दाखवले, खालची वाट दाखवली. संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर बसून त्यांच्या नकला करायची. एक बाई गवताला मिठी मारते, एक आजोबा प्रत्येक झाडाला नाव विचारतात आणि वहीत लिहून घेतात. एकदा ती म्हणाली, "सर म्हणतात, असं काहीतरी दाखव जे कोणी बघितलं नाय." मी म्हणाले, "मग?" ती म्हणाली, "मग काय, आहे काय आपल्या डोंगरात," आणि बूट काढून झटकू लागली.

त्याच्या पुढच्या वर्षी माझी लेक पंधराची झाली. आश्रमशाळेच्या सुट्टीत घरी आली होती. तिच्यासाठी खोडाळ्याकडचं एक स्थळ बोलत होते. ते वर्ष तिला जागा दाखवायचं. मी दिवस मोजत होते. मृगाला दहा-बारा दिवस होते तेव्हा, कोंब आले का बघायला, मी एकटी निघाले. ऐनापाशी पोचले तर वरच्या वाटेच्या तोंडावर डहाळी आडवी पडलेली. ओली, नुकती मोडलेली. शेंड्याला गवताची गाठ.

मी तिथूनच परत फिरले. मनात आलं, बरं झालं, गडणीने टाकली. काहीतरी असेल वर.

दोन दिवसांनी गेले तर पुन्हा नवी डहाळी. संध्याकाळी तिला विचारलं.

"वर काय हाये गं?"

"आग्या मोहोळ बसलंय," ती म्हणाली. "खिंडीपाशी. लॉजच्या ड्रायव्हरला चावलं. तू नको जाऊ इतक्यात. पोरीला तर बिलकुल नको नेऊ."

तिने माझ्या लेकीची काळजी केली म्हणून मला बरं वाटलं, हे मला आज लिहिताना सगळ्यात जास्त लागतं. मी तिला घरातल्या करवंदांचा वाटा दिला.

आणखी एकदा गेले, तेव्हाही डहाळी ओलीच होती. चौथ्या वेळी पाला सुकून वळला होता आणि त्यावर नवी टाकलेली नव्हती. म्हणजे हुकूम संपला. मी घरी येऊन लेकीला सांगितलं, उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं, कुठे ते विचारायचं नाही. ती रीत तिला माहीत होती. सकाळी तिने डोकं धुतलं, नवी ओढणी घेतली. वाटभर तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

झऱ्याच्या अलीकडच्या दगडावर पांढऱ्या रंगाचा बाण काढलेला होता. पुढच्या झाडावर दुसरा बाण. झऱ्याकाठी गोळ्यांचे चमकणारे कागद पडले होते आणि चिखलात बुटांचे ठसे होते, मोठे, लहान, पुष्कळ. मी तिला पाणी पी म्हणाले आणि पुढे झाले. जागेवर शेवळं नव्हती. कोंब तोडले असते तर मी काही म्हटलं नसतं, पुढच्या वर्षी आले असते. तिथे खड्डे होते. कुदळीने खणून कंद काढून नेले होते. एक उभा कोंबसुद्धा सोडला नव्हता. मोहोळ कुठेच नव्हतं. खिंडीपर्यंत जाऊन बघितलं.

लेक मागे येऊन उभी राहिली. तिने खड्डे बघितले, पण तिला त्यातून काही कळलं नाही. कळणार कसं, तिने ती जागा भरलेली कधी बघितलीच नव्हती.

"आई, काय दाखवणार होतीस?"

"झरा," मी म्हणाले. "उन्हाळ्यात पण आटत नाय."

ती "हं" म्हणाली. तिला झरा आधीपासून माहीत होता.

पुढे कळलं ते असं. पाहुण्यांना रानातून नेऊन शेवळं दाखवायची, त्यांच्या हाताने काढू द्यायची आणि लॉजवर त्याचं जेवण द्यायचं, असं त्या वर्षी ठरलं होतं. पाहुण्यांना फार आवडलं. मग सरांनी कंदच आणायला सांगितले, लॉजच्या बागेत लावायला, म्हणजे एवढं चालायला नको. मी जव्हारला करवंदं घेऊन गेले तेव्हा कुंपणातून ती बाग बघितली. उन्हात वाफा केला होता. त्याच्यापुढे पाटी होती. पाटीवर रानभाजी असं लिहिलेलं मला वाचता आलं. शेवळाला सावली लागते, हे तिला मी सांगितलं होतं. तिने त्यांना ते सांगितलं नाही, की त्यांनी ऐकलं नाही, मला माहीत नाही.

मी तिच्याकडे भांडायला गेले नाही. तीच आली. ओट्यावर बसली, नेहमीच्या जागेवर.

"तू बोलत का नाय?"

मी तांदूळ निवडत होते.

"शेवळं काय तुझ्या बापानं पेरली होती?" ती म्हणाली. "रानाची वस्तू. आज ना उद्या कोणी दाखवलीच असती. माझं काम गेलं असतं तर तू देणार होतीस खायला?"

मग तिचा आवाज खाली आला.

"तू आली असतीस तेव्हा, तर तुला बघवलं नसतं. म्हणून डहाळी टाकली. तुझ्यासाठीच टाकली, गडणी."

तेव्हा मी बोलले. आयुष्यात तिला कधी असं बोलले नव्हते.

"जागा दिलीस ती दिलीस. डहाळी खोटी टाकायची नव्हतीस."

ती उठून गेली. त्यानंतर आम्ही समोर आलो तर बोलायचो, पाण्यावर, लग्नात, मयताला. पण "गडणी" म्हटलं नाही. रेशनच्या दुकानात मी एकटी जाऊ लागले. पहिल्यांदा पिशवी तशीच परत आणली, दुसऱ्यांदा बोलले.

लेकीचं लग्न खोडाळ्याकडे झालं. तिसऱ्या वर्षी झऱ्याच्या वरच्या कपारीत चार शेवळं उगवलेली मला दिसली. एखादा कंद राहिला असेल मातीत. मी ती तोडली नाहीत. पुढे चाराची दहा झाली. लेकीला मी अजून सांगितलेलं नाही. ती माहेरी आली की शेजारच्या घरातल्या एका मैत्रिणीबरोबर असते, दोघी एका ताटात जेवतात. ते बघितलं की सांगायचं राहून जातं.

आणखी एक झालं. मी डहाळी मानेनाशी झाले. वाटेवर कोणाचीही डहाळी दिसली की ओलांडून पुढे जायचं आणि बघायचं, खरंच काही आहे का. एकदा दरड पडलेली होती. एकदा काहीच नव्हतं, माणसं दुसऱ्या वाटेने गेली होती एवढंच. दर वेळी ओलांडताना पाय जड व्हायचा, बापाचा धपाटा आठवायचा, तरी जायची.

हे सगळं होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. लॉजवाल्या सरांकडे मोबाइल आला होता, आणि पाहुणे माळावर हात उंच करून रेंज शोधत फिरायचे. चैत्राचे दिवस होते. भावाच्या नातवाचं बारसं होतं म्हणून मी सकाळी निघाले. ऐनापाशी वरच्या वाटेवर डहाळी होती. ओली. शेंड्याला गवताची गाठ.

मी ती गाठ बघत उभी राहिले. म्हटलं, आता काय लपवतेस. कपारीतली शेवळं हिला दिसली की काय, हेच पहिलं मनात आलं. मी डहाळी ओलांडली. खरं सांगायचं तर ओलांडली नाही, पायाने बाजूला सारली.

खिंडीच्या अलीकडे आधी आवाज आला. मान वर केली तर कड्याला काळं मोहोळ लोंबत होतं, आणि ते कशाने तरी खवळलेलं होतं. पुढचं मला नीट आठवत नाही. पदर तोंडावर ओढला, उतारावरून पडत धडपडत झऱ्यापर्यंत आले आणि पाण्यात तोंड खुपसून बसले. बारशाची टोपी आणि अंगडं कुठे पडलं कळलं नाही. माश्या कमी झाल्यावर तशीच खाली आले. एक डोळा मिटला होता.

ऐनापाशी ती उभी होती. पांढऱ्या बुटांत, मागे सात-आठ पाहुणे. त्यांना तिने खालच्या वाटेवर थांबवून ठेवलं होतं. मला बघून ती धावत आली, मला बुंध्याशी बसवलं, नखांनी एकेक नांगी काढू लागली. कमरेच्या पिशवीतून चुन्याची डबी काढून चुना लावला. तिचे हात पूर्वीसारखेच हलके होते.

"सकाळीच बघितलं मी मोहोळ," ती म्हणाली. "म्हणून डहाळी टाकली. दिसली नाय तुला?"

"दिसली."

तिचा हात थांबला. माझ्या उघड्या डोळ्याला तिचा चेहरा अगदी जवळ दिसत होता. मग तिने पुन्हा नांगी काढायला सुरुवात केली, मानेवरच्या, कानामागच्या.

पाहुण्यांतली एक बाई पुढे आली आणि घाबरून विचारू लागली, काय झालं, ह्यांनी डहाळी बघितली नाही का, तुम्ही तर आत्ताच आम्हाला सांगत होतात की इथली माणसं डहाळी कधी ओलांडत नाहीत.

ती वळली आणि तिने पाहुण्यांना शुद्ध भाषेत सांगितलं, "नजर कमी झाली आहे हिची. दिसली नाही हिला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बोलायचं होतं. मी जमिनीकडे बघत राहिले, आणि ती बाई म्हणाली, "अरेरे, मग एकट्या फिरू नका हो तुम्ही."